हाड का मोडलं, हे कुणी विचारायचं?

सोलापुरात कुणाचा दंड मोडला की भेटायला येणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारतो: कसा मोडला, आणि कधी जुळणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांच्या तोंडावर असतं. मोटारसायकल घसरली, न्हाणीत पाय सरकला, उंबऱ्याला ठेच लागली, घागर उचलताना कट्‌कन आवाज आला. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टर देतात: सहा आठवडे, फार तर तीन महिने. यापुढे सहसा कुणी काही विचारत नाही. वास्तविक ही चारही कारणं एका पंक्तीत बसणारी नाहीत. भरधाव गाडीवरून रस्त्यावर आपटलेल्या पंचविशीतल्या पोराचा दंड मोडला तर त्यात नवल कसलं? हाड धडधाकट होतं, आघातच जबरदस्त होता. पण घागर उचलताना, किंवा अंथरुणावर कूस बदलताना ज्याचं हाड मोडतं, त्याच्या हाडात त्या दिवसाच्या कितीतरी आधी काहीतरी बिघडलेलं असतं. घागर नुसती निमित्त झालेली असते. किरकोळ कारणानं मोडलेला किंवा वाजवी वेळेत न जुळणारा दंड अपघाताच्या खाती न मांडता आजाराच्या खाती मांडला पाहिजे, तो आजार शोधणं हा हाड जोडण्याच्याच कामाचा भाग आहे, आणि हे काम पुण्या-मुंबईला न धावता सोलापुरात होण्यासारखं आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे.

दंडाचं हाड मुळात जुळायला सोपं. त्याच्याभोवती स्नायूंचं भरघोस वेष्टण असतं, रक्तपुरवठा बरा असतो, आणि मांडीच्या किंवा नडगीच्या हाडासारखा त्यावर शरीराचा भार नसतो. ते थोडं वाकडं जुळलं तरी खांदा सगळीकडे फिरत असल्यामुळे रोजच्या कामात फारसं अडत नाही. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद ऑगुस्टो सार्मिएंटो यांनी १९७७ साली मांडलेली पट्ट्याची पद्धत याच गुणावर उभी होती. दंडाभोवती घट्ट पट्टा बांधायचा, कोपर मोकळं ठेवायचं, रुग्णाला हात हलवू द्यायचा आणि हाडाला आपलं काम करू द्यायचं. त्यांच्याच २००० सालच्या अहवालात, कातडी न फाटता मोडलेल्या दंडांपैकी न जुळलेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होतं. इतरांना पुढं इतकं यश आलं नाही, आणि तरुण कामकरी माणसाला लवकर कामावर जायचं असेल तर आज प्लेट टाकणंही वाजवी ठरतं. पण मूळ मुद्दा त्यानं बदलत नाही. जे हाड स्वभावानंच जुळणारं आहे तेच जुळेना, तर ते का जुळेना, हे विचारायला नको का?

जुळणं म्हणजे तरी काय? मोडलेल्या टोकांभोवती आधी रक्त साकळतं, त्यातून मऊ तंतुमय सांधण तयार होतं, मग त्या सांधणात कॅल्शियम आणि फॉस्फेटचे क्षार बसतात आणि ते कडक होतं. पुढं महिनोन्‌महिने शरीर त्याला घासूनपुसून आकार देत राहतं. यातली प्रत्येक पायरी अडू शकते. ड जीवनसत्त्व नसेल तर क्षार बसत नाहीत आणि सांधण मऊच राहतं. गळ्यातल्या परावटू ग्रंथी बेफाम झाल्या तर हाडातलं कॅल्शियम उपसून रक्तात जातं. मूत्रपिंड निकामी होत चाललं असेल तर हे दोन्ही एकदम घडतं. आणि मोडल्या जागी गाठच बसली असेल, मग ती हाडाच्या मगजातल्या मायलोमाची असो वा स्तनाच्या, फुप्फुसाच्या, मूत्रपिंडाच्या कर्करोगातून आलेली, तर तिथं जोडायला निरोगी हाडच उरलेलं नसतं. लहान मुलांत याचं सौम्य रूप दिसतं. दंडाच्या हाडाचा खांद्याकडचा भाग ही हाडातल्या साध्या पाणथळ गाठीची सर्वांत आवडती जागा. पोरगं चेंडू फेकतं आणि दंड मोडतो. मोड बहुधा जुळतोही, गाठ मात्र बऱ्याचदा मागं राहते आणि तिथंच पुन्हा मोडतं. पोर धडपडं आहे म्हणून घरचे त्यालाच रागे भरतात.

ड जीवनसत्त्वाचं नाव काढलं की सोलापूरकर हसतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असणाऱ्या गावात उन्हाची काय वानवा? याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी नाशकात मिळालेलं आहे. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी तिथल्या मुडदूस झालेल्या मुलांचा आणि हाडं मऊ पडलेल्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार आढळला तो सुखवस्तू, चांगलंचुंगलं खाणाऱ्या, पण पडद्यात राहणाऱ्या घरांत. ज्यांच्या पोटाला पुरेसं नव्हतं पण ज्यांचा दिवस शेतात जात होता, ती गरिबांची पोरं त्यातून सुटलेली होती. आकाशात ऊन आहे का याला महत्त्व नाही, ते कातडीवर पडतं का याला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अकराशेंहून अधिक धडधाकट तरुण-तरुणी तपासल्या होत्या. त्यांतल्या सुमारे सत्तर टक्क्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली, म्हणजे कमतरतेच्या रेषेखाली होतं.

आता हा हिशेब सोलापूरच्या पूर्व भागात लावून पाहावा. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस घरात किंवा घराच्या सावलीत जातो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हाताशी कात्री आणि पत्रा, पाण्यात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. पान पत्र्याच्या मापानं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, टोक दुमडून दोरा बांधायचा, आणि असं हजारभर वेळा. या कामाला ऊन चालत नाही, पान कडक होऊन फुटतं. यंत्रमागावरच्या माणसाचीही तीच गत, पत्र्याच्या शेडखाली पाळी सुरू होते आणि तिथंच संपते. शंभर वर्षांपूर्वी नाशकात पडदा श्रीमंतीचा होता, इथं तो रोजगारानं आणला आहे. त्यात मिश्री आणि तंबाखूची धूळ. तंबाखू हाताळणाऱ्या कामगारांच्या लघवीत निकोटिनचा अंश सापडतो, हे मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या अभ्यासांनी तीन दशकांपूर्वीच दाखवलं. विडी-सिगारेट ओढल्यानं हाड उशिरा जुळतं याचा पुरावा भक्कम आहे. मिश्रीबद्दलचा पुरावा तितका भक्कम नाही, तेव्हा तिच्यावर सगळं खापर फोडू नये. पण हाड जुळेपर्यंत ती बंद ठेवायला सांगण्यात तोटा काहीच नाही.

आणि ताट? ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी यांचा सोलापूरकराला अभिमान आहे, तो असावाच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण हाडांच्या हिशेबात ज्वारी उणी पडते. शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम अठ्ठावीस मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी ते शंभरीला पोचत नाही, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०२० सालची शिफारस आहे दिवसाला १,००० मिलिग्रॅमची. शेंगदाण्यानं त्यात थोडीशीच भर पडते. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या वर, तिळात हजाराच्या वर. चटणीत दाण्यांच्या जोडीला मूठभर तीळ कुटले तर चव बिघडत नाही. दुधाबद्दल काय बोलावं? जिल्हाभर पहाटे दूध निघतं आणि उजाडायच्या आत डेअरीच्या कॅनमध्ये जातं. ज्या घरात म्हैस आहे त्या घरातल्या म्हातारीला चहापुरतं दूध मिळतं, ही काही अपवादाची गोष्ट नव्हे.

इथं एक गल्लत टाळायला हवी. "हाड जुळत नाही ना, मग कॅल्शियम नि ड-ची गोळी सुरू करा," हा या लेखाचा निष्कर्ष नाही. सरसकट गोळी हा प्रश्न न विचारण्याचाच दुसरा प्रकार आहे, आणि कधी कधी तो घातक ठरतो. परावटू ग्रंथीच्या आजारात रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असतं, मायलोमातही ते वाढू शकतं. अशा माणसाला न तपासता कॅल्शियम देणं म्हणजे आगीत तेल. परावटूचा आजार पाश्चात्त्य देशांत बहुधा नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास होण्याआधीच उघडकीला येतो. आपल्याकडे तो हाड मोडून उघडकीला येतो. केईएममधूनच २०१० साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णमालिकेत या आजाराचे सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण हाडांच्या तक्रारी घेऊन आलेले होते. या आजारात हाडात तपकिरी गाठी होतात. फोटोत त्या हाडाच्या ट्यूमरसारख्या दिसतात, आणि मग गाठ खरवडण्याची, हाड काढण्याचीही शस्त्रक्रिया होऊन बसते. खरा गुन्हेगार गळ्यात वाटाण्याएवढा बसलेला असतो. तो काढला की हाडात पुन्हा क्षार भरू लागतात. दंड जुळवण्यासाठी गळ्याची शस्त्रक्रिया, हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण या रुग्णापुरता बरं होण्याचा मार्ग तोच असतो.

शोध घेतल्यानं फरक पडतो याचा पुरावा काय? अमेरिकेत ह्यूस्टनच्या मार्क ब्रिंकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हाड न जुळलेल्या आपल्या रुग्णांतून असे ३७ जण निवडले, ज्यांचं हाड न जुळण्याला शस्त्रक्रियेतली चूक, जंतुसंसर्ग असं काही उघड कारण सापडत नव्हतं, किंवा ज्यांची किरकोळ कारणानं वारंवार हाडं मोडली होती. त्यांना अंतःस्रावी विकारतज्ज्ञाकडे पाठवलं, तेव्हा ३१ जणांत आधी माहीत नसलेला चयापचयाचा किंवा अंतःस्रावाचा दोष निघाला, आणि त्यांत सर्वाधिक होता ड जीवनसत्त्वाचा अभाव. आठ जणांचं हाड केवळ त्या दोषावर उपचार केल्यानं, पुन्हा सुरी न लावता, जुळलं. आकडे लहान आहेत, आणि रुग्ण निवडून घेतलेले आहेत, हे कबूल. पण ज्यांना दुसरी, तिसरी प्लेट बसायची त्यांच्यातले आठ जण गोळ्यांनी सुटले, ही बाब लहान नाही. कारण न शोधता प्लेटवर प्लेट टाकत जाणं म्हणजे भिंतीत ओल कुठून येते ते न पाहता दर दिवाळीला नवा गिलावा करणं.

यावर जाणकार वाचक लगेच बोट ठेवेल: ड जीवनसत्त्वानं हाडं मोडायची थांबत नाहीत, हे तर सिद्ध झालं आहे ना? झालं आहे, पण कुणाच्या बाबतीत ते पाहा. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हायटल' चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढ होते. रोज २,००० युनिट ड घेऊनही त्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण घटलं नाही. मात्र ही माणसं सरसकट निरोगी होती आणि त्यांच्या रक्तातली सरासरी पातळी सुरुवातीलाच तीस नॅनोग्रॅमच्या घरात होती. ज्याचा रांजण भरलेला आहे त्यात आणखी पाणी ओतून तहान भागते का, हे त्या चाचणीनं तपासलं आणि उत्तर 'नाही' असं दिलं. त्यावरून रिकाम्या रांजणाबद्दल अनुमान काढता येत नाही. उलट ही चाचणी माझ्याच म्हणण्याला बळ देते: गोळी सगळ्यांना वाटू नका, ज्याला उणीव आहे त्याला शोधून द्या.

दुसरा आक्षेप अस्थिरोगतज्ज्ञांचा, आणि तो वजनदार आहे. न जुळणाऱ्या बहुतेक दंडांमागं लपलेला आजार नसतो. पट्टा सैल असतो, प्लेट आखूड पडलेली असते, जखमेत पू झालेला असतो, मधुमेह ताब्यात नसतो, रुग्ण तिसऱ्याच आठवड्यात झोळीतून हात काढून कामाला लागलेला असतो, किंवा हाडवैद्यानं कामट्या बांधून, तेल चोळून मधला महिना वाया घालवलेला असतो. हे सारं खरं आहे. हाडवैद्याबद्दल मात्र एक गोष्ट बोलली पाहिजे. माणसं त्याच्याकडे अडाणीपणानं जातात असं म्हणून सुटका होत नाही. तो रोज मजुरी बुडवून रांगेत उभं करत नाही, तेलगू बोलणाऱ्या आजीशी तेलगूत आणि कन्नड बोलणाऱ्या आजोबांशी कन्नडमध्ये बोलतो. आजाराचा माग रुग्णाच्या बोलण्यातूनच लागतो, आणि घाईच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढं बोलणं होत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांच्या आक्षेपाला माझं उत्तर इतकंच की प्रत्येक मोडलेल्या हाडाच्या मागं लागा असं कुणी म्हणत नाही. उभ्या उंचीवरून पडून किंवा त्याहूनही कमी जोरानं मोडलं, तीन महिन्यांत फोटोत सांधण दिसेना, पडण्याआधीच कित्येक आठवडे त्याच जागी रात्रीचं दुखत होतं, कर्करोगाचा जुना इतिहास आहे, किंवा हे दुसरं-तिसरं हाड आहे, एवढ्यांच्याच मागं लागायचं. पाठ्यपुस्तक नऊ महिने उलटल्याशिवाय 'जुळलं नाही' असा शिक्का मारत नाही. ती व्याख्या संशोधनासाठी ठीक, पण विचारपूस सुरू करायला नऊ महिने थांबणं शहाणपणाचं नव्हे.

तिसरा आक्षेप रुग्णांचा: आधीच तपासण्यांचा धंदा झालाय, त्यात तुम्ही आणखी यादी देता? हा संशय सोलापूरला फुकटचा आलेला नाही, पण इथली यादी महागडी नाही. सर्वांत स्वस्त तपासणी तर झालेलीच असते, तिच्याकडे पुन्हा एकदा पाहायचं असतं. दंडाचा पहिला फोटो उजेडावर धरा. हाडाच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या भागाच्या जरा वर, खांद्याचा स्नायू जिथं चिकटतो तिथं एक उंचवटा असतो. त्याच्या लगेच वर हाडाची बाहेरून रुंदी मोजा, आतल्या पोकळीची रुंदी मोजा, आणि पहिलीला दुसरीनं भागा. उत्तर १.४ पेक्षा कमी आलं तर हाड विरळ असण्याचा दाट संशय. स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी २०१५ साली मांडलेल्या या मोजमापाला साधी पट्टी लागते, हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा यंत्राची वाट पाहावी लागत नाही. त्याच फोटोत मोडाच्या कडा कुरतडल्यासारख्या आहेत का, मोडाजवळ हाड फुगलेलं किंवा पोकळ दिसतं का, हेही कळतं. त्यानंतर रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि ईएसआर. या तपासण्या सरकारी सिव्हिल रुग्णालयात काय आणि गल्लीतल्या प्रयोगशाळेत काय, कुठंही होतात. ड जीवनसत्त्व, परावटूचं संप्रेरक, मायलोमासाठीची प्रथिनांची तपासणी या महाग आहेत, पण त्या पहिल्या फेरीत काही खटकलं तरच करायच्या.

आणि एक तपासणी बिनपैशाची आहे. रुग्णाची औषधांची पिशवी टेबलावर ओतायला लावायची. दमा किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत बहुधा स्टेरॉइड असतं, आणि ते हाड पोखरतं. फिट्सच्या फेनिटॉइनसारख्या जुन्या औषधांनी ड जीवनसत्त्व लवकर खर्ची पडतं. एचआयव्हीवरच्या गोळीतलं टेनोफोविर काही जणांच्या मूत्रपिंडातून फॉस्फेट वाया घालवतं आणि हाडं मऊ पाडतं. गोळी बंद करायची नाही, डॉक्टरनं ती बदलून द्यायची. ही माहिती अस्थिरोग विभागापर्यंत पोचत नाही, कारण हाताचा डॉक्टर फिट्सबद्दल विचारत नाही आणि हाताशी त्याचा काय संबंध म्हणून रुग्ण सांगत नाही.

सर्वांत मोठं नुकसान होतं ते गाठीच्या बाबतीत. मोडलेल्या जागी हाडाचाच मूळ कर्करोग असेल आणि तुकडा न तपासता पोकळीतून रॉड ठोकला, तर गाठीच्या पेशी हाडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतात, आणि जो हात वाचला असता तो खांद्यातून काढायची पाळी येते. संशयास्पद मोड आधी झोळीत ठेवावा, तुकडा तपासावा, मग काय ते ठरवावं. दंड आठ-दहा दिवस थांबू शकतो. यासाठी मुंबईच्या टाटा रुग्णालयाचाच रस्ता धरावा लागतो असं नाही. याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे.

बार्शीचं नाव आणखी एका कारणासाठी घ्यायला हवं. १९८७ साली तिथं भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांसाठी. खेड्यातला रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येत नाही, हे ओळखून नोंदणीची माणसंच गावोगाव फिरली, लक्षणं समजावून सांगितली, संशयितांना तपासायला आणलं. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पायावर शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची चाचणी उभी केली. तिचे निष्कर्ष २००९ साली जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आले. 'आपल्याकडे हे व्हायचं नाही' या वाक्याला सोलापूर जिल्ह्यात तरी जागा नाही.

मोडलेल्या हाडांसाठी एवढा मोठा पसाराही लागत नाही. ग्लासगोत १९९९ साली सुरू झालेली व्यवस्था एका परिचारिकेभोवती फिरते: पन्नाशीपुढचा जो कुणी हाड मोडून येईल त्याचं नाव वहीत लिहायचं, हाडाची तपासणी लावायची, उपचार सुरू झाले का ते विचारायला पुन्हा बोलवायचं. का, तर पहिला मोड हा पुढच्याची सूचना असतो. आठ हजारांहून अधिक वृद्ध अमेरिकी स्त्रियांच्या अभ्यासात, खांद्याजवळ दंड मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात खुब्याचं हाड मोडण्याचा धोका पाचपटीहून अधिक वाढलेला दिसला. 'वय झालं, हाडं ठिसूळ व्हायचीच' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. दंड मोडलेली आजी एका हातानं स्वयंपाक करते, खुबा मोडलेली अंथरुणाला खिळते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिव्हिल रुग्णालयात अशी एक वही, एक परिचारिका आणि आठवड्यातली एक दुपार, ही मागणी अवाजवी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची घडण भरती आणि शस्त्रक्रियेच्या पॅकेजांवर आहे. दुसऱ्यांदा प्लेट टाकायला जो पैसा शासन मोजतं, त्याच्या अंशात पहिल्या फेरीच्या तपासण्या बसतील. न जुळलेल्या हाडाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला मंजुरी देण्याआधी या तपासण्यांचे अहवाल सक्तीनं मागावेत, एवढी एक अट घातली तरी पुष्कळ साधेल. विडी कामगारांसाठीचा उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर बंद झाला. त्यांच्या आरोग्याचा खर्च आता सरकारच्या मर्जीवर आहे, म्हणून कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या यादीत वर घ्यावी.

तोवर घरच्यांनी करायचं काम सोपं आहे. पहिल्या दिवसापासूनचे सगळे फोटो जपून ठेवा, फेकू नका. तीन महिन्यांनंतरही दंड जुळला नसेल आणि पुन्हा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर होकार देण्याआधी ते फोटो आणि घरातली औषधांची पिशवी घेऊन जा, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि ईएसआर केलं आहे का ते विचारा, आणि केलं नसेल तर आधी करायला सांगा.